खळ, नीळ आणि आत्याबाईंची गोळी

नवी लाल साडी पहिल्यांदा पाण्यात बुडवताना तुमच्या पोटात कालवतं की नाही, खरं सांगा! माझ्या तर हमखास कालवतं. दुकानदाराने ‘रंग पक्का आहे, वहिनी’ म्हणून कितीही शपथा घेतलेल्या असोत, बादलीतलं पाणी काय बोलतं ते खरं.

गेल्या वर्षी श्रावणात मी चार दिवस माझ्या मामेबहिणीकडे किन्हीराजाला गेले होते. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातलं हे गाव. पाऊस नुकताच उघडला होता, अंगणात ऊन आलं होतं, म्हणून बहिणीने धुणं काढलं. सणाला घेतलेली लाल साडी टपात बुडवली आणि बघता बघता पाणी कुंकवासारखं झालं. त्यातच भाऊजींचं पांढरं धोतर कसं कोण जाणे गेलं होतं. ते निघालं गुलाबी! बहिणीने कपाळावर हात मारला आणि टप तिथेच नालीत उपडा केला. ते लाल पाणी वाहत वाहत विहिरीच्या कडेला गेलं. बांधलेलं वासरू त्याला तोंड लावणार, तेवढ्यात ती धावली.

वासराला बाजूला करून ती म्हणाली, “ताई, हा रंग जाते तरी कुठी?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर मला देता येईना.

त्याच दिवशी दुपारी दुसरं संकट आलं. बहिणीच्या सासूबाईंना, म्हणजे तिच्या आत्याबाईंना, रक्तदाबाचा त्रास आहे. आधी दिवसातून दोनदा गोळी असे. डॉक्टरांनी नुकतीच बदलून दिवसातून एकदाच घ्यायची गोळी दिली होती. गोळी जरा मोठी. आत्याबाईंच्या घशाखाली उतरेना. बहिणीने काय करावं? खलबत्त्यात कुटली, गुळाच्या खड्याबरोबर कालवली आणि दिली. तासाभराने आत्याबाईंना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या ओट्यावरच आडव्या झाल्या. गाडी करून दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार खाली गेला होता. सलाईन लावलं, एक रात्र ठेवून घेतलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “गोळी गिळली होती की चावली होती?”

बहीण रडवेली झाली. “मी तं बुढीले गिळता येत नाई म्हनून कुटून देल्ली!”

“बाई, ही गोळी चोवीस तास पुरवून पुरवून औषध सोडते,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही दिवसभराचं औषध एका घासात दिलंत.”

मैत्रिणींनो, बहिणीला नावं ठेवू नका. माझ्या सासूबाईंना गोळ्या कुटून देण्याचं काम मीही वर्षानुवर्षं केलेलं आहे, आणि तुमच्यापैकी कितीजणींनी केलं असेल! आजारी माणसाला सोपं जावं, एवढाच आपला हेतू. पण हेतू चांगला असून भागत नाही, वस्तू कशी आहे तेही कळावं लागतं.

घरी परतल्यावर मी हे सगळं माझ्या पुतण्याला सांगितलं. तो अमरावतीला रसायनशास्त्र शिकतो. तो म्हणाला, “काकू, सकाळचा रंग आणि दुपारची गोळी, दोन्हींचा धडा एकच आहे. आणि तो तुमच्या खळीच्या पातेल्यात आहे.” मला आधी थट्टाच वाटली. पण त्याने समजावून सांगितलं, मी थोडं वाचलं, आणि जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

नीळ म्हणजे रंगाचा पिंजरा

आधी नीळ घेऊ. पांढऱ्या कपड्यांना आपण जी भुकटीची नीळ देतो, ती झाडापासून काढलेली नीळ नव्हे. ती एक खनिज आहे. पूर्वी असा निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द नावाच्या मौल्यवान खड्यापासून काढत, आणि तो फार महाग पडे. १८२८ साली फ्रान्समध्ये तो कृत्रिम रीतीने करण्याबद्दल बक्षीस दिलं गेलं, आणि पुढे कारखान्यांत तो स्वस्तात होऊ लागला. म्हणून तर तो आपल्या मोरीपर्यंत पोहोचला.

या निळीची रचना मोठी मजेची आहे. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे सूक्ष्म पिंजरे, आणि त्या पिंजऱ्यांत कोंडलेलं गंधक. निळा रंग त्या कोंडलेल्या गंधकाचा. पिंजरा शाबूत आहे तोवर रंग बाहेर येत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच नीळ बादलीच्या तळाशी बसते, आणि फडक्यातून न गाळता घातली की कपड्यावर ठिपके पडतात.

खात्री करून घ्यायची असेल तर चिमूटभर नीळ जुन्या बशीत घ्या आणि अंगणात नेऊन तिच्यावर लिंबू पिळा. रंग फिका पडत जाईल आणि सडक्या अंड्यासारखा वास येईल. आंबटाने पिंजरा मोडला आणि आतलं गंधक बाहेर पडलं. खलबत्त्यात आत्याबाईंच्या गोळीचं झालं ते थोडंफार असंच.

पिंजऱ्यांची ही घडण आपल्या पायाखालीही आहे बरं का. किन्हीराजाच्या शिवारात विहीर खणली की काळा दगड लागतो. त्यातले काही दगड भोकाभोकांचे असतात, आणि त्या भोकांत कधी कधी पांढरे चमकणारे खडे सापडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हारस पसरला. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून खडे तयार झाले. अशा खड्यांच्या काही जातींना झिओलाइट म्हणतात. १७५६ साली क्रोनस्टेड नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा खडा तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं हे नाव दिलं. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतले असे खडे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते तुम्हालाही पाहता येतील. मुलांना घेऊन जरूर जा.

झिओलाइटच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. पाणी त्यांतून आत-बाहेर करतं आणि पाण्यातले क्षार आत अडकून राहतात. हाच गुण हेरून कपडे धुण्याच्या कितीतरी पावडरींत कृत्रिम झिओलाइट घालतात. जड पाण्यातलं कॅल्शियम ते धरून ठेवतं, म्हणून फेस होतो.

आणि खळ म्हणजे साखळी

आता खळ. तांदळाची, मैद्याची किंवा चिंचोक्याची. खळ म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. गोड लागत नाही, पण मूळ तेच. शास्त्रज्ञ अशा साखळीला पॉलिसॅकराइड म्हणतात. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक, आजोबांचं इसबगोल, गवारीच्या बियांतला चिकट पदार्थ, कापूस, ही सगळी याच गोत्रातली. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट मिळतं, आणि कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून कायटोसान. चिंचोक्याची खळ पूर्वी मागवर सुताला देत, अजूनही देतात. आणि आता औषधाच्या गोळ्यांतही ती वापरता येईल का, याचे प्रयोग झालेले आहेत!

या साखळ्यांचा गुण असा, की त्या पाणी पितात, फुगतात आणि त्यांची जाळी तयार होते. अवगुणही तोच. नुसती खळ ठेवली तर सैल पडते, पसरते, आंबते. खनिजाचं उलट. ते टणक असतं, भरपूर धरून ठेवतं, पण बारीक भुकटी पाण्यात टाकली की पुन्हा गोळा कशी करायची?

मग दोन्हींचं लग्न लावून दिलं तर? खनिजाचा टणकपणा आणि खळीची जाळी एका जागी आली तर? निसर्गाने हे केव्हाच केलंय. पावसाळ्यात शेतात निघणाऱ्या खेकड्याचं कवच पाहा. त्यात कायटिन नावाची साखळी आहे आणि तिच्यात चुना मुरलेला आहे. शास्त्रज्ञ तेच प्रयोगशाळेत करतात. अल्जिनेटच्या दाट खळीत बारीक माती किंवा झिओलाइट कालवतात आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या क्षाराच्या पाण्यात सोडतात. झाऱ्यातून बुंदी पाडावी तसंच! थेंब पडताक्षणी वरून घट्ट होतो आणि साबुदाण्याएवढा मणी तयार होतो. तो मणी बाहेरून साधा दिसतो, आत मात्र भोकंच भोकं. चांगल्या सच्छिद्र खनिजाच्या एका ग्रॅममध्ये कित्येक शे चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. पाचशे चौरस मीटर धरले तर दहा बाय दहाच्या पन्नासांवर खोल्यांची जमीन झाली, आणि तीही चमचाभराहून कमी भुकटीत!

हा रंग जातो तरी कुठे?

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येऊ. घरातल्या एका टपाचं सोडा. जिथे हजारो मीटर कापड रंगतं तिथल्या पाण्याचं काय होतं? इचलकरंजीच्या कापडधंद्याचं सांडपाणी आणि पंचगंगा नदी यांची कहाणी तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेली असेल. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळ तळोज्याला तर रस्त्यावरची कुत्री निळी झाली! कासाडी नदीच्या भागात एका कारखान्यातल्या रंगाने ती रंगली होती. मुलांना चित्र पाहून हसू आलं, पण हसण्याजोगं त्यात काही नव्हतं. प्रदूषण मंडळाला कारवाई करावी लागली.

रंग पाण्यात मिसळला की सूर्यप्रकाश खालपर्यंत पोहोचत नाही, पाणवनस्पती मरगळतात, माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी होतो. शिवाय हे रंग कपड्यावर टिकावेत म्हणूनच तर बनवलेले. ते पाण्यात सहजासहजी कुजत नाहीत. काही रंगांचे तुकडे शरीराला घातकही असतात.

इथे ते मणी कामाला येतात. रंगाच्या कणाला विजेचा भार असतो, कुणाला धन, कुणाला ऋण. उलट भाराचा पदार्थ दिसला की तो त्याला चिकटतो. मातीचा आणि अल्जिनेटचा भार ऋण, म्हणून ती धन भाराचे रंग पकडतात. कायटोसानचं उलट. म्हणजे कुठल्या पाण्याला कुठला मणी, हे ठरवावं लागतं. सगळ्या भाज्यांना एकच फोडणी चालत नाही, तसंच हे.

आपल्या विदर्भातही या वाटेने काम झालं आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, १९५८ साली स्थापन झाली. औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा जळून राखेचे डोंगर साचतात. पारस, कोराडीकडच्या मैत्रिणींना ते सांगायला नको. त्या राखेतही सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम असतंच, तेव्हा तिच्यापासून झिओलाइट करण्याची रीत ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी काढली. त्यांत डॉ. साधना रायलू ही एक बाई होती, हे मुद्दाम सांगते. पुढे २०१०-११ च्या सुमारास याच संस्थेत कायटोसान आणि अ‍ॅल्युमिनियमचं खनिज एकत्र करून सच्छिद्र पदार्थ तयार केले गेले. ते रंगासाठी नव्हते, पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडसाठी होते. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडं आखडतात. रंग असो की फ्लोराइड, पकडण्याची युक्ती एकच.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मण्याने रंग पकडला म्हणजे रंग नाहीसा झाला असं नव्हे. त्याने जागा बदलली, इतकंच. भरलेले मणी धुऊन पुन्हा वापरायचे की जाळायचे, धुतलं तर ते पाणी कुठे टाकायचं, हे प्रश्न उरतातच. म्हणून यातलं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. कारखान्यांत आजही चुना, तुरटी, लोखंडाचे क्षार आणि कोळसा यांवरच बराचसा भार आहे.

तीच युक्ती, उलट्या बाजूने

आता गोळी. पाण्यातला रंग भोकांत शिरून बसतो, तसं औषधही बसवता येतं. मग ते पोटात हळूहळू बाहेर पडतं. रंगाच्या वेळी आपल्याला धरून ठेवणं हवं असतं, औषधाच्या वेळी हळूहळू सोडणं. अल्जिनेटची आणखी एक गंमत आहे. जठराच्या आम्लात ते आक्रसतं आणि आतड्यात गेल्यावर फुगतं. म्हणजे औषध जठराला न डिवचता पुढे आतड्यात जाऊन सुटावं, अशी सोय करता येते. माती आणि अल्जिनेटच्या मण्यांत औषधं भरून असे पुष्कळ प्रयोग झाले आहेत.

सगळंच प्रयोगशाळेत आहे असंही नाही. जळजळीवर मिळणारी काही पातळ औषधं अल्जिनेट, खाण्याचा सोडा आणि चुन्याचा क्षार यांची असतात. पोटात गेलं की त्याची जेली होते, सोड्याचे बुडबुडे तिच्यात अडकतात आणि सायीसारखा तराफा अन्नावर तरंगत राहतो. त्यामुळे आम्ल वर घशाशी येत नाही. पूर्वी जुलाबावर पांढरी माती आणि फळांतलं पेक्टिन यांचं औषध फार चाले. तेही खनिज आणि साखळीचंच मिश्रण. पण आता बाळाच्या जुलाबावर ते देत नाहीत. जलसंजीवनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, हेच खरं औषध.

आणि दिवसातून एकदा घ्यायच्या कितीतरी गोळ्या कापसाच्या गोत्रातल्या साखळीच्या आधाराने बांधलेल्या असतात. पोटात गोळी फुगते, तिच्याभोवती खळीसारखा थर बनतो आणि औषध त्यातून झिरपत राहतं. आत्याबाईंची गोळी अशाच सावकाश औषध सोडणाऱ्या जातीची होती. खलबत्त्यात ती बांधणीच मोडली. औषध तेच होतं, मात्रा तीच होती, पण चोवीस तासांचा पुरवठा तासाभरात अंगावर आला.

एवढं मात्र लक्षात ठेवा

गोळीच्या पाकिटावर नावापुढे इंग्रजीत एस.आर., ई.आर., एक्स.आर., सी.आर. किंवा ‘रिटार्ड’ असं लिहिलेलं असेल, तर ती सावकाश औषध सोडणारी गोळी समजा. ती कुटू नका, चावू देऊ नका, दुधात विरघळवू नका. मध्ये रेघ असेल तर काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण तेही विचारूनच. अशी अक्षरं नसली तरी कुठलीही गोळी फोडण्याआधी औषधवाल्याला विचारा. विचारायला लाजू नका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गोळी गिळता येत नसेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. पातळ औषध किंवा दुसऱ्या प्रकारची गोळी बहुतेक वेळा मिळते.

अशा काही गोळ्यांचं रिकामं टरफल शौचातून जसंच्या तसं पडतं. घाबरू नका. औषध अंगात गेलेलं असतं.

खनिजाची भुकटी पोटात दुसऱ्या औषधालाही धरून ठेवू शकते. म्हणून थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताचं औषध यांत चार तासांचं अंतर ठेवा. गरोदरपणात लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका.

नवी गडद साडी पहिले दोन-तीन वेळा वेगळी, थंड पाण्यात धुवा. मीठ टाकल्याने प्रत्येक रंग पक्का होतो हा समज खरा नाही. आधी पदराच्या आतल्या टोकाला ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. रंग फडक्यावर आला तर सावध व्हा. आणि ते रंगीत पाणी विहीर, हातपंप किंवा जनावरांच्या हाळाजवळ टाकू नका.

खळ आणि नीळ एकदमच द्यायची असेल, तर नीळ फडक्यात बांधून आधी थोड्या पाण्यात उतरवा, मग ते पाणी गाळलेल्या खळीत मिसळा. ठिपके पडणार नाहीत.

मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला. आत्याबाई आता ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी त्यांना लहान गोळी दिली आहे, ती घोटभर पाण्याबरोबर उतरते. मी तिला हे सगळं सांगितलं. खळ, नीळ, खेकड्याचं कवच, नागपूरचे शास्त्रज्ञ. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “ताई, खलबत्ता मी फळीवर वर ठेवून देल्ला. आता त्यात फक्त वेलदोडे.”

भाऊजींचं धोतर मात्र अजून गुलाबीच आहे. शेतात जाताना ते तेच नेसतात म्हणे!